श्पायरची ज्यू वस्ती उलगडून दाखवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर प्रणाम.

ऱ्हाईनकाठच्या श्पायर गावातील ज्यूंचा प्रारंभीचा इतिहास आपण ज्या आस्थेने समजावून दिलात, त्याबद्दल जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. जर्मनीतील ज्यू म्हटले की आपल्याकडे बहुतेकांचे वाचन १९३३ पासून, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यापासून, सुरू होते. श्पायरमध्ये त्यांचा संसार त्याच्या साडेआठशे वर्षे आधी मांडला गेला होता, हे मला आपल्यामुळे कळले.

१०८४ सालच्या सनदेचा जर्मन अनुवाद समोर ठेवून आपण एकेक कलम मराठीत सांगितलेत. श्पायर या खेड्याचे शहर करताना ज्यूंना बोलावले तर गावाचा मान हजार पटींनी वाढेल, असे बिशप र्‍यूडिगर हुत्समान तीत स्वतःच नमूद करतात. वस्तीभोवती तट, चर्चच्या मालमत्तेतून दफनभूमी, सोन्याचांदीची देवघेव आणि व्यापाराची मुभा, आपसातले तंटे आपल्याच प्रमुखापुढे सोडवण्याचा अधिकार, आणि या सर्वांबद्दल वर्षाला साडेतीन पौंड, असा तो करार होता. धर्मनियमाने ज्यूंना न चालणारे मांस ख्रिश्चनांना विकता येईल, ही तरतूद मला सर्वांत बोलकी वाटली, कारण शेजारी नांदायचे ठरल्यावरच असल्या बारीकसारीक गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. १०९० मध्ये सम्राट चौथ्या हेन्रीने या हक्कांवर शिक्कामोर्तब केले.

पुढे १०९६ च्या मे महिन्यात, जेरुसलेम जिंकायला निघालेल्या ख्रिश्चनांच्या पहिल्या धर्मयुद्धाच्या लाटेत, इथे अकरा ज्यू मारले गेले. उरलेल्यांना बिशप योहान यांनी आश्रय दिला, पण वर्म्स आणि माइंट्स या ऱ्हाईनकाठच्याच शहरांत शेकडो ज्यूंची कत्तल झाली. त्यानंतर आठच वर्षांत श्पायरमध्ये सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, उभे राहिले, ही त्या माणसांची जिद्द मला थक्क करते.

गुडघे दुखत असूनही आपण माझ्यासोबत मिक्व्याच्या, म्हणजे विधिस्नानाच्या कुंडाच्या, दगडी पायऱ्या उतरलात. या स्नानाला भरून आणलेले पाणी चालत नाही, म्हणून भूजल लागेपर्यंत सुमारे दहा मीटर खोल जावे लागले, हे आपण सांगितलेत तेव्हा त्या कोंदट गारव्याचा अर्थ लागला. आपण नसता तर मी तिथून नुसते फोटो काढून परतलो असतो.

वर्म्सची जुनी दफनभूमी अजून पाहायची आहे. १२९३ साली कैदेत वारलेल्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेईर यांचा देह चौदा वर्षांनी पैसे मोजून सोडवणारा गृहस्थ तिथे त्यांच्याच शेजारी पुरला आहे, असे आपण म्हणालात. तिथेही आपल्यासोबतच जावे अशी इच्छा आहे. आपल्या सोयीचा दिवस कळवावा, मी गाडी घेऊन येईन.

आपला ऋणी,
एक वाचक