माळ घातलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत का?

भावा,

तुझा मेसेज वाचला. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस सत्य शोधूच शकत नाही, कारण उत्तर त्याने आधीच ठरवलेलं असतं, असं तुझं म्हणणं. राग नाही आला रे, पण फोनवर तू मधे बोलूच देत नाहीस म्हणून लिहितोय.

जॉर्ज लमेत्र घे. बेल्जियमचा, चक्क कॅथलिक पाद्री. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ मध्ये मांडलं, म्हणजे विश्वाला कधीतरी सुरुवात होती असं पुढे म्हणाला, आणि १९५१ मध्ये पोप म्हणायला लागले की बघा, सृष्टी देवाने निर्माण केली याला विज्ञानानेच दुजोरा दिला, तर ते याला अजिबात रुचलं नाही, त्याचं म्हणणं माझा सिद्धांत त्या भानगडीत पडतच नाही. आणि तिकडे फ्रेड हॉईल, इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ, पक्का नास्तिक, विश्वाला सुरुवात असणंच त्याला पटेना. या सुरुवातीच्या कल्पनेला 'बिग बँग' हे नाव त्यानेच १९४९ मध्ये रेडिओवर दिलं, पुढे १९६५ मध्ये त्या सुरुवातीच्या काळातलं प्रारण (रेडिएशन) सापडलं तरी गडी शेवटपर्यंत हटला नाही. आता यात उत्तर आधी कोणी ठरवलेलं होतं?

पण तुझं अर्धं खरंय. आमच्याकडे त्र्यंबकला नारायण नागबलीचा विधी केला आणि मूल झालं, असं सांगणारे नातेवाईक ढीगभर, करूनही ज्यांना झालं नाही त्यांचा हिशोब कोण ठेवतो? मी घरी हे विचारलं तर काकू दोन दिवस बोलली नाही. देव काही रागावला नाही, काकू रागावली! मला वाटतं खरी अडचण तिथेच असते, श्रद्धेत कमी आणि आपली माणसं तुटतील या भीतीत जास्त.

बाबासाहेबांचंच बघ ना, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, दार काही उघडलं नाही, मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि दीक्षा घेतली कधी, तर १९५६ मध्ये, एकवीस वर्षांनी! बरं, ज्या बुद्धाला शरण गेले त्याचीही गोष्ट जशीच्या तशी नाही घेतली, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस पाहिलाच नव्हता हे कसं शक्य आहे म्हणून ती कथाच नाकारली. बांधिलकी होती आणि प्रश्नही चालूच होते.

पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला ये, आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांशी भांड, ते तुझ्यापेक्षा भारी वाद घालतात. आणि येताना एवढं आठवून ठेव, तुझ्या त्या विवेकवादी मंडळींत सगळे एका बाजूला असताना तू शेवटचं 'मला हे पटत नाही' कधी म्हणालास?

तुझाच,
माळकरी