दिवाळे कोळीवाड्यातल्या होडीमिस्त्री आबांना, मामाच्या होडीबद्दल

आबा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितेय मला, नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल. समोर येऊन आभार मानायला गेले की तुम्ही "चल, चा घे" म्हणून विषयच बदलता. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आणि तुम्ही जे शिकवलंत ते माझ्या एकटीजवळ राहू नये असंही फार वाटतं.

मामा गेल्यावर होडी दिवाळ्याला जेट्टीजवळ तशीच पडून होती. घरात कोणी म्हणे जळणाला द्या, कोणी म्हणे वरून फायबर मारून घ्या, त्याचं कोटेशनपण आलं होतं. मी नेरुळला फ्लॅटमध्ये वाढलेली, बँकेत नोकरी, रंधा कधी हातात धरलेला नाही. तुम्ही आलात, छोटी हातोडी घेऊन पठाणापासून, म्हणजे तळाच्या कण्यापासून, पुढच्या टोकाच्या नाळेपर्यंत एकेक फळी वाजवत गेलात. टण वाजलं की पुढे, भद्द वाजलं की खडूची खूण. बाहेरून सगळ्यात खराब दिसणारी फळी टणक निघाली आणि आतून जिथे पावसाचं पाणी साचायचं तिथे खुणाच खुणा. तेव्हा तुम्ही सांगितलंत की खाऱ्या पाण्याने लाकूड सहसा कुजत नाही, कुजवतं ते गोडं पाणी. खाऱ्या पाण्यातली भीती वेगळी, लाकूड पोखरणाऱ्या किड्याची. (मी नंतर वाचलं, तो किडा नसून शिंपल्याच्याच जातीचा प्राणी आहे, अंगाने लांबट म्हणून अळीसारखा दिसतो. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मंग, कालवांचा भावच तो.")

फायबरला तुम्ही नाही म्हणालात त्याबद्दल तर मी तुमची जन्मभर ऋणी आहे. जुन्या ओल धरलेल्या लाकडावर फायबर चढवलं की ओल आत कोंडते, लाकूड फुगतं-आकसतं पण वरचा थर हलत नाही, मग तो सुटतो आणि आत सगळं कुजत राहतं, वरून मात्र होडी छान चकचकीत दिसते. नवीन होडी फायबरची घ्यायची तर जरूर घ्या, पण जुनीला असं झाकू नका, हे तुम्ही त्या दिवशी इतक्या शांतपणे सांगितलंत की घरात परत कोणी फायबरचं नाव काढलं नाही.

खिळ्यांचंही तसंच. मी हौसेने तांब्याचे खिळे आणणार होते, तुम्ही आधी विचारलंत की ज्या फळीत मारणार तिचे जुने लोखंडी खिळे काढणार का. कारण खाऱ्या पाण्यात लोखंड आणि तांबं शेजारी आलं की लोखंडाला गंज लवकर खातो. मग ज्या फळ्या नव्या त्यांना सगळं तांबं, जुन्यांना हात नाही, असं ठरलं. आणि ती आतली मोडकी फासळी! रे रोडच्या वखारीतला माणूस सरळ फळीतून वाकडा तुकडा कापून द्यायला तयार होता, स्वस्तात. तुम्ही घेऊ दिला नाहीत, कापलेल्या वाकाला लाकडाची रेघ मध्येच तुटते आणि तिथेच ते फाटतं, म्हणून मुळातच वाकडी वाढलेली बाभळीची फांदी शोधायची. केवढे फिरलो आपण त्या फांदीसाठी, पार उरणपर्यंत. मिळाली तेव्हा तुम्ही तिच्यावरून हात फिरवून नुसतं "हीच" म्हणालात, मला अजून आठवतंय.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती म्हणजे सांधे. फळ्यांच्या मधे कापसाची वात ठोकून बसवायची, वरून राळ आणि तेल. लाकूड तेव्हा कोरडं, फटी दिसत होत्या, आणि मला वाटायचं जितकं गच्च तितकं चांगलं. तुम्ही माझा हातोडा धरून थांबवलात. "सगला गच्च भरू नको पोरी, पानी आपला काम करील." होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, फटी आपोआप मिटतात, आणि कोरड्यात ठासून भरलं असेल तर फुगायला जागा नसते, मग फळ्या एकमेकींना ढकलतात आणि खिळे सैल होतात. इतकं साधं आहे, पण सांगणारं कोणी नसतं तर मी ती होडी प्रेमाने मारून टाकली असती.

अमावास्येच्या उधाणाला होडी पाण्यात ढकलली तेव्हा सगळीकडून पाणी आत आलं. कोळीवाडा बघायला जमलेला, माझी आई तर रडायला लागली. तुम्ही विडी पेटवलीत आणि सांगितलंत, उपसत राहा, राहू दे पाण्यात. उपसलं. हळूहळू कमी होत गेलं, आणि मग नुसता ओलावा राहिला. त्या वेळात तुम्ही घरी गेला नाहीत, आबा. जेवणपण तिथेच मागवलंत.

ठरली तेवढीच रोजी घेतलीत, शिकवायचे वेगळे पैसे घेतले नाहीत. बंदरात आता फायबरच्या होड्या आहेत, तुमच्या छिन्न्या बहुतेक वेळ भिंतीला असतात, हे बघून मला फार लागतं. म्हणून वाचणाऱ्यांना सांगते, ठाण्यात, ऐरोलीत, वाशीगावात, कुठेही कोणाकडे जुनी लाकडी होडी पडून असेल तर जळणाला देण्याआधी आपल्या कोळीवाड्यातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा, एकदा वाजवून घ्या. आणि रोजी पूर्ण द्या.

आता 1 जूनला मासेमारी बंद होईल, त्याआधी होडी वर ओढून शाकारायची आहे. ताडपत्री घट्ट बांधली तर आत हवा फिरणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात, तर झावळ्या किती लागतील ते नातीकडून कळवा, मी रविवारी टेम्पो घेऊन येते. तेलाचा डबा आणलाय.

तुमची,
नेरुळची भाची