परकोट फोडू नका, त्यावरून चालू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जटपुरा गेटपाशी सकाळ-संध्याकाळ जी कोंडी होते, तिच्यावर उपाय म्हणून परकोटाला, म्हणजे शहराभोवतीच्या जुन्या तटबंदीला, आणखी एक वाट पाडावी, हे मत चंद्रपुरात नवं नाही. आमच्या घरातच त्याचे दोन खंदे समर्थक आहेत. दोघंही रोज त्याच गेटातून दुचाकी काढतात, त्यामुळे त्यांचा वैताग मला कळतो. मी सध्या लीड्सला वाहतूक नियोजनात एमएससी करते आहे. मार्चअखेरीस एका दिवसासाठी यॉर्कला जाऊन आले आणि तिथं जे पाहिलं, ऐकलं ते या वादात कामी येईल असं वाटलं, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कापायचंच झालं तर चर्च कापा, भिंत ठेवा.

सोबत वरंगलची एक मैत्रीण होती. आम्हा दोघींच्या गावांच्या स्टेशनांमधून एकच गाडी जाते, म्हणून आम्ही इथं एकमेकींना गाववाल्या समजतो. रेल्वेपेक्षा बस स्वस्त. इथं सरकारनं बसच्या एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त तीन पौंडांवर बांधून ठेवलं आहे. वेळ जास्त लागतो, पण विद्यार्थ्याकडे वेळच तेवढा असतो. डब्यात पोळ्या आणि जवसाची चटणी.

यॉर्क स्टेशनासमोर उतरलं की रस्त्याच्या पलीकडे थेट तटबंदीच दिसते. गवताचा उंच उतार, त्यावर पिवळ्या डॅफोडिल्सची दाटी आणि माथ्यावर पांढुरक्या दगडाची भिंत. जिना चढायचा आणि चालायला लागायचं. तिकीट नाही, रजिस्टरमध्ये नाव-गाव लिहिणं नाही. दारावर फक्त सूचना: सकाळी उघडतं, अंधार पडायच्या आत बंद होतं, बर्फ असेल तर बंद. आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही. जपून चाला, एवढंच सांगितलं आहे. शाळेची पोरं, कुत्र्याला खाली मैत्रिणीकडे सोपवून आलेली एक बाई, ऑफिसला निघालेला माणूस, सगळे एकाच अरुंद फरशीवरून. ऑफिसवाला घाईत होता आणि आम्ही फोटो काढत होतो, तेव्हा त्याचं तोंड अगदी गांधी चौकातल्या दुकानदारासारखं झालं होतं.

या तटबंदीची उरलेली लांबी सुमारे ३.४ किलोमीटर. आपला परकोट साधारण ११ किलोमीटरचा. मैत्रिणीला हे सांगितलं तर तिला खरं वाटेना. मग तिनं वरंगलच्या काकतीय तोरणांवर मला बराच वेळ सुनावलं, ते वेगळं.

'इंग्रजांना इतिहासाची कदर आहे, आपल्याला नाही' असं लिहिणारी पत्रं मी खूप वाचली आहेत. मला तसं लिहायचं नाही, कारण ते खोटं आहे. यॉर्कच्या आर्ट गॅलरीसमोरच्या चौकातून रोज एक फुकट पदभ्रमण निघतं. शहरातल्या स्वयंसेवी मार्गदर्शकांची एक संघटना १९५१पासून हे चालवते. पैसे घेत नाहीत, टीपही घेत नाहीत. आमचे मार्गदर्शक निवृत्त गृहस्थ होते, हातात छत्री, आवाज वर्गात शिकवून कमावलेला. त्यांनी सुरुवातच केली ती तिथल्या विल्यम एटी या चित्रकाराच्या पुतळ्यापासून. पुतळ्याच्या पायाशी बूथम बार या वेशीची छोटी प्रतिकृती आहे. ती का, तर १८०० साली यॉर्कच्या नगरपालिकेनं स्वतःच ही तटबंदी पाडायचं ठरवलं होतं आणि पार्लमेंटकडे परवानगी मागितली होती. कारणं ऐकून मला हसू आवरेना. दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, वेशी अरुंद, गाड्या अडतात, शहर वाढायला जागा नाही. शब्द न शब्द आमच्या घरचा!

परवानगी सहजासहजी मिळाली नाही, पण पाडापाडी तुकड्या-तुकड्यांनी सुरूच राहिली. वेशींच्या पुढे संरक्षणासाठी बांधलेली दगडी आवारं होती. १८२० आणि १८३०च्या दशकांत ती तीन मोठ्या वेशींसमोरून उतरवली गेली. वॉल्मगेट बारपुढचं तेवढं वाचलं. एटी हा मूळचा यॉर्कचाच, बेकरीवाल्याचा मुलगा, पुढे लंडनमध्ये नाव कमावलेला. तो गावी पत्रं लिहीत राहिला, व्याख्यानं देत राहिला, नगरपालिकेशी भांडत राहिला. तो एकटा नव्हता, पण गावानं पुतळा त्याचा उभारला. तो राजा नव्हता की सेनापती, वर्तमानपत्रांना आणि पुढाऱ्यांना पत्रं लिहिणारा माणूस होता. हे पत्र आपल्याकडे पाठवताना मला त्याचा थोडा आधार वाटतो आहे.

याच काळात, म्हणजे १८१८च्या मे महिन्यात, इंग्रजांच्या तोफांनी चांद्याच्या, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूरच्या, परकोटाला भगदाड पाडून शहर घेतलं. इकडे ते आपली भिंत फोडत होते आणि तिकडे त्यांचीच माणसं त्यांची स्वतःची भिंत उतरवायला निघाली होती. मार्गदर्शकांना हे सांगितलं तेव्हा ते थांबले, चांद्याचं स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी सांगेन लोकांना. सांगतील असं वाटतं.

आता वाहतुकीचं. यॉर्कनं भिंतीला भोकं पाडली नाहीत असं कुणी समजू नये. वेशींच्या बाजूला रस्त्यासाठी कमानी काढल्या आहेत. रेल्वे आली तेव्हा पहिलं पक्कं स्टेशन तटाच्या आत बांधलं होतं, म्हणून रुळांसाठीही तट फोडला. १८७७ साली आजचं मोठं स्टेशन बाहेर झालं आणि ते जुनं स्टेशन आता नगरपरिषदेचं कार्यालय आहे. पण ज्या ज्या ठिकाणी वाट काढली तिथे बहुतेक जागी वर कमान ठेवून तटावरची पायवाट सलग राखली. खालून मोटारी जातात, वरून माणसं. स्टेशनाजवळ मी त्या कमानीवर उभं राहून खालची वाहतूक मोजत बसले (अभ्यासाची सवय) आणि मैत्रीण समोरच्या मिन्स्टरच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, मनोऱ्यांचे फोटो काढत होती. मोठी खिंडारं आहेत तीही का आहेत याला कारण आहे: नदीपाशी भिंत थांबते, आणि पूर्वेला फॉस नदीच्या दलदलीत तर भिंत कधी बांधलीच नव्हती, पाणीच राखण करत होतं.

मंक बारच्या मध्ययुगीन कमानीखालून आजही गाड्या जातात, सिग्नलवर आळीपाळीनं. रांग लागते. पण मुख्य पेठेत दिवसा मोटारींना बंदी आहे, बाहेरगावच्या लोकांनी गाडी शहराबाहेरच्या वाहनतळावर लावून बसनं यायचं अशी सोय आहे, त्यामुळे वेशीतून आत जाण्याची गरजच पुष्कळांना पडत नाही. आमच्या विषयात पहिल्याच सत्रात शिकवतात की रस्ता रुंद केला की काही वर्षांत तो पुन्हा भरतो. जटपुरा गेटाशेजारी आणखी एक वाट काढली तरी पुढे गांधी चौकापर्यंतचा रस्ता तेवढाच राहणार. कोंडी गेटातून उचलून दोनशे पावलं आत नेऊन ठेवायची, एवढाच त्या खर्चाचा अर्थ. शिवाय परकोट केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायलाही कायद्याची आडकाठी आहे, मग भिंत फोडणं तर दूरच.

यॉर्कचं बाकीचं थोडक्यात. रोमन लोकांनी इ. स. ७१मध्ये इथं छावणी घातली. कॉन्स्टन्टाइनला ३०६ साली सम्राट म्हणून इथंच जाहीर केलं. पुढे व्हायकिंग आले. सगळे थर एकावर एक आहेत. संग्रहालयाच्या बागेत एका बुरुजाचा खालचा भाग रोमन आणि वरचा मध्ययुगीन आहे, बांधणीतला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली फार गाजली आहे. मला ती आवडली नाही. घरं सुंदर झुकलेली आहेत, पण खाली जादूच्या छड्या विकणारी दुकानं आणि रांगा. जतन केलेल्या गोष्टीची जत्राही होते, हे आपणही आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

क्लिफर्ड्स टॉवरच्या टेकडीपाशी मात्र आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. ११९०च्या मार्चमध्ये, दंगलखोर जमावापासून जीव वाचवायला शहरातले सुमारे दीडशे ज्यू तिथल्या लाकडी गढीत शिरले होते. वेढा पडला. बहुतेकांनी एकमेकांच्या हातून मरण पत्करलं, गढी जळाली, आणि अभयाचं वचन घेऊन बाहेर आलेल्यांनाही मारलं. हे तिथं टेकडीच्या पायथ्याशी दगडावर कोरून ठेवलं आहे. आपल्या शहराला लाज आणणारी गोष्टही पर्यटकांसमोर ठेवायची, याला हिंमत लागते. जवळजवळ आठशे वर्षांनी ठेवली, हेही खरं.

मिन्स्टरचं तिकीट आमच्या खिशाला जड होतं. पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणालाही मोफत बसता येतं, म्हणून मधला वेळ राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात काढला. तेही मोफत. 'मॅलर्ड' इंजिन पाहिलं, १९३८ साली ताशी १२६ मैल पळालेलं. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. शेजारी जपानच्या पहिल्या पिढीतल्या शिंकान्सेनचा (बुलेट ट्रेनचा) डबा, त्यात बसून पोळ्या खाव्यात असं फार वाटलं, पण तिथला कर्मचारी आमच्याकडेच बघत होता. मग मिन्स्टर. १९८४मध्ये तिथं आग लागली आणि दक्षिणेकडच्या भागाचं छत कोसळलं. नवं छत बांधताना त्यातल्या काही नक्षीच्या गाठींसाठी टीव्हीवरून मुलांकडून चित्रं मागवली; त्यातलंच चंद्रावर पाऊल ठेवणारा माणूस हे एक चित्र आज तिथं वर कोरलेलं आहे. गायनाला बसलो होतो तिथून ते काही दिसलं नाही. पूर्वेची प्रचंड काचखिडकी १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत तयार झाली आणि आपल्या काळात तिच्या दुरुस्तीला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागली. दुरुस्तीचं काम असंच असतं, कंत्राटाच्या मुदतीत न बसणारं.

आता आपल्याकडे बघू. २०१७पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी परकोट आणि बुरुजांवरची झाडंझुडपं, कचरा हातानं काढला. मी तेव्हा शाळेत होते आणि ही पोरं उन्हात काय करतात याचं आम्हाला नवल वाटायचं. त्यांच्यामुळे बुरुज पुन्हा दिसू लागले. तेव्हा सुरुवात झालेली आहे. मी फक्त पुढची मागणी करते.

पहिली गोष्ट, परकोटाचा कुठलाही आणखी भाग पाडायचा विषय कायमचा मिटवावा. दुसरी, सगळे ११ किलोमीटर एकदम नकोत. दोन दरवाजांमधला एखादा भक्कम तुकडा निवडून पुरातत्त्व खात्यानं तो वरून चालण्यासाठी रोज उघडा ठेवावा. यॉर्कची पायवाटही मध्ययुगातली जशीच्या तशी नाही, लोकांना चालता यावं म्हणून एकोणिसाव्या शतकात बरीचशी नव्यानं बांधून काढलेली आहे. आपल्या उन्हाळ्यात दुपारी कुणी वर जाणार नाही, तेव्हा सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी दोन तास पुरेत. जिन्याला दार, दाराला कुलूप आणि ते उघडायला-लावायला एक माणूस नेमावा. यॉर्कमध्येही व्यवस्था याहून फार मोठी नाही. तिसरी, दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह आहे, तो गोंड राजांचा. त्याची माहिती मराठीबरोबर गोंडीतही लिहावी. ज्यांच्या पूर्वजांनी हे शहर वसवलं त्यांची भाषा तिथं कुठेच नसणं बरं दिसत नाही.

आणि निवृत्त शिक्षकांना विनंती. आपल्याकडे छत्री आहे, आवाज आहे, आठवणीही आहेत. रविवारी सकाळी दोन तास, टीप न घेता, दहा-पंधरा लोकांना बिनबा दरवाजापासून फिरवायचं. ऑक्टोबरमध्ये मी परत येते आहे. सोबत यायला आणि कुणाला इंग्रजीत सांगायची वेळ आली तर तेवढं करायला मी तयार आहे. घरातल्या दोन विरोधकांनाही घेऊन येईन. मात्र ते दुचाकी कुठे लावायची हे आधी विचारतील.

आपली,
एक चंद्रपूरकर विद्यार्थिनी
(सध्या मुक्काम लीड्स, इंग्लंड)