घोड्यावर उडी मारली आणि इतिहास घडला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला माणूस आणि घोड्याच्या मैत्रीवरचा लेख वाचला. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण घरच्यांनी पेन काढून घेतलं. एक दिवस जाऊ द्या म्हणाले. दिवस गेला, राग काही गेला नाही.

लेखकांची भाषा गोड आहे, हे आधीच मान्य करतो. अफाट गवताळ माळ, उधळलेला रानघोडा, एका धाडसी तरुणाची पाठीवर झेप, मग दोघांचे श्वास एक होणं वगैरे. सिनेमाला चालून जाईल. विज्ञानाच्या पानावर छापायचं तर जरा चौकशी करायला हवी होती. सोबतच्या चित्रातल्या त्या सहा हजार वर्षांपूर्वीच्या वीराला तुमच्या चित्रकारानं छान खोगीर दिलंय, वर पाय ठेवायला रिकिबीही दिल्यात. जोडीच्या रिकिबींचे पक्के पुरावे मिळतात ते इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या चीनमध्ये. सिकंदराच्या स्वारांनाही रिकीब ठाऊक नव्हती. वीराच्या मनगटावर घड्याळ तेवढं द्यायचं राहिलं.

चित्र सोडून देऊ. लेखाचा सगळा डोलारा उभा आहे तो युक्रेनमधल्या देरेइवका इथल्या घोड्यावर. इ.स.पू. ४००० च्या सुमाराचा हा घोडा, त्याच्या दातांवर लगामाची झीज, म्हणून जगातला पहिला स्वार तिथला, असा हिशेब. ही झीज दाखवून देणाऱ्या डेव्हिड अँथनी आणि डोर्कस ब्राउन या संशोधकांनी पुढे त्या घोड्याच्या हाडांची वय सांगणारी कार्बन चाचणी झाल्यावर काय केलं, हे लेखकांच्या गावी नाही. घोडा लोहयुगातला निघाला, तीन हजारांहून जास्त वर्षं अलीकडचा. नंतरच्या कुणी तरी खड्डा खणून त्याला जुन्या थरात पुरलं होतं. दोघांनी २००० साली आपला दावा जाहीरपणे मागे घेतला. दावा करणाऱ्यांनी सोडून दिलेला घोडा तुमच्या पुरवणीत अजून चौखूर धावतोय.

खरी गोष्ट याहून मजेदार आहे. उत्तर कझाकस्तानातलं बोताई हे गाव घ्या, इ.स.पू. ३५०० च्या आसपासचं. तिथे निघालेल्या हाडांच्या ढिगात ९९ टक्क्यांहून जास्त हाडं एकट्या घोड्याची आहेत. ही माणसं घोडा खात होती, मुख्यतः घोडाच खात होती. मैत्रीच्या लेखात हे छापायला जड जातं, मला समजतं. तिथल्या मडक्यांत मुरलेल्या चरबीचं पृथक्करण करून ते घोडीचं दूध असल्याचं २००९ साली मांडलं गेलं. आता ज्यानं कधी जनावर दुहलंय त्याला विचारा. शिंगरू कासेला लावल्याशिवाय घोडी पान्हा सोडत नाही, आणि परक्या माणसाला पोटाखाली हात घालू देत नाही. रानातल्या घोडीखाली भांडं घेऊन बसणाऱ्याचं काय होईल ते लिहायला नको. म्हणून ते दूध खरोखर घोडीचं असेल, तर कळप माणसाच्या हाताला बऱ्यापैकी सरावला होता, असं म्हणायला जागा आहे. लेखात या दुधाबद्दल एक ओळ नाही.

आणि आता दात. माझे वडील नागपुरात टांगा चालवायचे, स्टेशन ते महाल. घोड्याच्या पुढच्या दातांमागे, दाढा सुरू होण्याआधी, हिरडीची मोकळी जागा असते. लगामाची कडी तिथे बसते. आमची घोडी मोठी बेरकी. जिभेनं कडी मागे ढकलायची आणि दाढेत घट्ट धरायची. मग लगाम कितीही ओढा, बाईसाहेब आपल्या मनानं चालणार. वडील तिचा जबडा उघडून, जीभ एका बाजूला धरून मला खालची पहिली दाढ दाखवायचे. पुढची कड तिरकी घासलेली, बोट फिरवलं की गुळगुळीत लागायची. तिच्या तोंडाचा तो ओला, हरभऱ्याचा वास बोटाला दिवसभर राहायचा. अड्ड्यावरच्या दुसऱ्या एका घोड्याची दाढही अशीच तिरकी होती. पण त्याचे वरचे-खालचे दात मुळातच एकमेकांवर नीट बसत नव्हते. त्याच्या मालकानं तो टांग्याला जुंपण्याआधीपासून दाढ तशीच असल्याचं सगळ्या अड्ड्याला माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातल्या एका संस्थेत याच विषयावर व्याख्यान झालं. वक्ते म्हणाले, दाढ तिरकी म्हणजे लगाम, लगाम म्हणजे स्वार, विषय संपला. मी हात वर केला. दुसऱ्या कारणानंही दाढ अशी घासते, हे सांगायला सुरुवात केली तोच आयोजकांनी माझं शिक्षण विचारलं. टांगेवाल्याचा मुलगा आहे म्हटल्यावर पुढच्या दोन रांगांत हशा पिकला. प्रश्न लेखी द्या, अशी सूचना झाली. मी निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहून दिला. चहाच्या वेळी ती चिठ्ठी पाहिली तेव्हा तिच्यावर बिस्किटांची बशी होती.

२०२१ साली टेलर आणि बॅरोन-ऑर्टिझ या संशोधकांनी नेमकं हेच छापलं. हिमयुगातल्या उत्तर अमेरिकेतल्या रानघोड्यांच्या दातांवरही बोताईसारखी झीज दिसते, आणि त्या घोड्यांच्या तोंडात लगाम घालायला कुणी आलेलं नव्हतं. बोताईवर काम करणारे संशोधक आपल्या मतावर ठाम आहेत, वाद चालू आहे, तो चालू दे. पण तुमच्या लेखात अजून तेच, दातांच्या झिजेवरून निर्विवाद सिद्ध. निर्विवाद हा शब्द वाचला आणि मला ती बशी आठवली.

बरं, बोताईचे घोडे आपल्या घोड्यांचे पूर्वज तरी आहेत का? तेही नाहीत. २०१८ मध्ये प्राचीन डीएनए तपासल्यावर कळलं की त्यांचा वंश मंगोलियातल्या प्रझेवाल्स्कीच्या घोड्यात उतरला. आजवर आपण ज्याला शेवटचा खरा रानघोडा म्हणत आलो, तोच तो. टांग्याला, रेसला, वरातीला लागणारा घोडा वेगळ्या घराण्यातला. २०२१ मध्ये लुडोविक ऑर्लांडो यांच्या चमूनं २७३ प्राचीन घोड्यांचे डीएनए ताडून त्याचं मूळ रशियातल्या व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यात नेऊन ठेवलं. इ.स.पू. २००० च्या आगेमागे हा घोडा एवढ्या झपाट्यानं पसरला की युरोप-आशियातल्या बाकीच्या जाती मागे पडल्या. त्याच्यात दोन जनुकं ठळकपणे निवडली गेलेली दिसतात. एक पाठीच्या मजबुतीशी संबंधित, दुसरं शांत स्वभावाशी. हे झेप घेऊन होत नाही. पिढ्यान् पिढ्या कुणी तरी चावरा घोडा बाजूला काढला असेल आणि गरीब घोडीला पुन्हा घोडा दाखवला असेल. त्याच सुमारास उरलच्या दक्षिणेला सिन्ताश्ता लोकांच्या थडग्यांत आऱ्यांच्या चाकांचे हलके रथ पुरलेले सापडतात. माझ्या मते खरा नायक झेप घेणारा नव्हता, पैदास सांभाळणारा होता. त्याचं चित्र काढायला कुणी बसत नाही.

एक गोष्ट मात्र फार लागली. लेख नागपूर आवृत्तीत आला, आणि त्यात माहुरझरीचं नावही नाही! ही काही सुरुवात नव्हे, व्होल्गाकाठच्या त्या घोड्यानंतर हजारएक वर्षांनी पुढची गोष्ट आहे, मान्य. पण तुमच्या कार्यालयातून दुचाकीवर जाऊन यावं एवढ्या अंतरावर, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातल्या शिळावर्तुळांखाली, माणसांच्या दफनाबरोबर घोड्यांची हाडं निघाली. लोखंडी लगामाच्या कड्या निघाल्या, घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार निघाले. डॉ. शां. भा. देव आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी माहुरझरी, नायकुंड इथे उन्हातान्हात खणून हे बाहेर काढलं. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची वर्तुळं तर रस्त्यावरून जाता जाता बघता येतात. युक्रेनच्या चुकीच्या घोड्याला पाऊण पान आणि घरच्या घोड्याला एक चौकटही नाही?

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर पान दोनच्या तळाशी, हवामानाच्या खाली टाकू नका. ज्या जागी लेख आला त्याच जागी छापा. चित्रकाराला माहुरझरीची कडी काढायला सांगा, म्हणजे घोड्याच्या तोंडात काय असतं हे त्यालाही कळेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
महाल, नागपूर

ता.क.: याच पुरवणीतलं शब्दकोडं हल्ली इतकं बारीक छापता की भिंगाशिवाय चौकोन मोजता येत नाहीत, आणि उभ्या शब्दांच्या शेवटच्या सूचना कोचिंग क्लासच्या जाहिरातीनं खाल्लेल्या असतात. जाहिरातीतल्या मुलांचे गुण मात्र लांबून वाचता येतात. यावर पूर्वी एक पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत, हेही लक्षात आहे.