नुसतं ‘चालून राहिलं’ पुरेसं नाही

संपादक महोदय,

जुनं जावा प्रोजेक्ट नव्या संगणकावर अडलं तर कमांडमध्ये ‘इग्नोर अनरेकग्नाइज्ड व्हीएम ऑप्शन्स’ टाका, मग न ओळखलेल्या ऑप्शनकडे (कमांडला जोडलेल्या सूचनेकडे) जावा दुर्लक्ष करतं आणि एरर जाते, असं मागच्या आठवड्यात आपल्या करिअर पुरवणीत वाचलं. एरर जाते, हे खरंच. मी नागपुरातल्या एका तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळा सांभाळते आणि ही युक्ती आता पोरांच्या स्क्रिप्टमध्ये (ओळीने चालवायच्या कमांडच्या फाइलमध्ये) सर्रास दिसते. टोकलं की उत्तर ठरलेलं: ‘‘मॅडम, चालून तर राहिलं ना!’’

मेमरी संपली तर त्या क्षणाची नोंद फाइलमध्ये उतरवून ठेव, असं सांगणारा जावाचा एक ऑप्शन आहे. त्याचं स्पेलिंग चुकलं तर एरवी जावाचं व्हर्च्युअल मशीन (जावा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) सुरूच होत नाही. बरेचदा ‘हे म्हणायचं होतं का?’ असं विचारून बरोबर नावही सुचवतं. वरची युक्ती लावली की ते मुकाट सुरू होतं. मग मेमरी खरंच संपेल त्या दिवशी शोधत बसा ती फाइल!

जुना ऑप्शन बंद करतानाही जावावाले काही एकदम दार लावत नाहीत. सीएमएस हा गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग) जाणार, असा इशारा 2017च्या जावा 9 मध्ये आला. 2020 मध्ये, जावा 14 ला, तो काढला. तरी जुना ऑप्शन दिसला तर ‘दुर्लक्ष करतोय’ असं सांगून मशीन सुरू व्हायचं. 2021च्या जावा 17 मध्ये मात्र साफ नकार. एवढी मुदत तर घरमालकही देत नाही.

आमचं लिनक्सचं प्रॅक्टिकल क्यूएमूवर (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) होतं. ‘स्नॅपशॉट’ ऑप्शन दिला की पोरांनी आत काहीही उलथापालथ केली तरी सगळं तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिलं जातं, मूळ डिस्क इमेज (त्या आभासी संगणकाच्या डिस्कची फाइल) जशीच्या तशी राहते. त्या शब्दात एक अक्षर चुकलं की क्यूएमू ‘इनव्हॅलिड ऑप्शन’ म्हणून तिथंच थांबतं. थांबलं नसतं, तर सकाळच्या बॅचने पुसलेल्या फाइली दुपारच्या बॅचच्या नशिबी आल्या असत्या.

जावाने किंवा क्यूएमूने नकार दिला तर एक्झिट कोड (कमांड संपताना मिळणारा आकडा; शून्य म्हणजे सगळं ठीक) शून्य येत नाही. पण स्क्रिप्टमध्ये तो तपासला नाही तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) सरळ पुढच्या ओळीवर जातं. मशीन सुरूच झालं नाही आणि खाली ‘टेस्ट पूर्ण’ छापलंय, असे प्रिंटआउट जर्नलमध्ये चिकटवलेले मी पाहिले आहेत. वर तपासल्याची सहीसुद्धा!

प्रॅक्टिकल परीक्षेत एक कमांड मुद्दाम चुकीच्या ऑप्शनची द्यावी आणि मेसेज वाचून कारण सांगणाऱ्याला, एक्झिट कोड तपासणाऱ्याला गुण द्यावेत, अशी अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती आहे. उद्या मिहानमध्ये (नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रात) मुलाखतीला जाणारी हीच पोरं आहेत. आपल्या पुरवणीनेही ती युक्ती जिथं छापली, तिथंच तिचा हा धोका छापावा.

– एक प्रयोगशाळा सहायक, त्रिमूर्तीनगर, नागपूर