पदर उलटून दाखव

पॅरिस, 6 जुलै

ती. दादास, सप्रेम नमस्कार.

आपल्या साड्यांच्या दुकानाच्या दिवाळीच्या जाहिरातीचा तुझा कागद वाचला. परंपरा, नवी पिढी, लग्न, ऑफिस, माय-लेकी, सवलत आणि दुकानाचा वर्धापनदिन, एवढं सगळं 40 सेकंदांच्या व्हिडिओत आणि तीन होर्डिंगांत बसवायचं म्हणतोस. बसेल, पण बघणाऱ्याच्या लक्षात काहीच राहणार नाही. यातलं एक ठेव आणि बाकीचं पुढच्या वर्षांसाठी राखून ठेव. ते एक कोणतं, हे कॅमेरा भाड्याने आणण्याआधी ठरलं पाहिजे. प्रकाश कुठून टाकायचा, मॉडेलने हात कुठे ठेवायचा, छकुलीने चित्रांत काय काढायचं, अक्षरं किती मोठी, सगळं त्यावरून ठरतं.

माझं मत विचारशील तर हातमागाच्या पैठणीचा पदर धर, आणि तोही उलटा. जरीच्या पोतावर मोर-मुनिया विणताना प्रत्येक रंगाचा धागा त्या नक्षीपुरताच फिरवतात आणि शेजारच्या धाग्यात अडकवून परत आणतात. त्यामुळे मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ असते. यंत्रावरच्या सेमी पैठणीत नक्षीचे धागे मागून मोकळे धावतात, नाहीतर कापलेले दिसतात. वहिनी गिऱ्हाइकाला हेच दाखवतात ना, पदर उलटून? मग जाहिरातीनेही तेच दाखवावं. कागदावर एकच वाक्य लिही: ‘मागची बाजूही बघा.’ सेटवर कुणी नवी कल्पना काढली की ती या वाक्यासमोर धरायची. आणि एक पथ्य: होर्डिंगवर हातमागाच्या पदराचा क्लोजअप आणि खाली सेमी पैठणीची किंमत, हे करू नकोस. ती सरळ सरळ फसवणूक होते.

एका मुद्द्यावर उभी राहिलेली जाहिरात बघायची असेल तर जपानी फॅशन डिझायनर योजी यामामोतोचा 1986चा कॅटलॉग बघ. मार्क अस्कोलीचं आर्ट डायरेक्शन, निक नाइटचे फोटो, पीटर सॅव्हिलची मांडणी. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोत बाईची फक्त काळी बाह्याकृती आहे आणि मागे लाल ट्यूलचा, म्हणजे जाळीदार कापडाचा झुपका. शिवण नाही, बटण नाही, चेहराही नाही. कपड्याचा आकार हाच तिथला मुद्दा होता, म्हणून बाकी सगळं काढून टाकलं. छायाचित्रकार असले फोटो संदर्भ म्हणून घेऊन आला तर कौतुक कर आणि नाही म्हण. आपला मुद्दा वीण आहे. काळ्या बाह्याकृतीत पैठणी म्हणजे नुसतं गाठोडं.

आता प्रकाश. पैठणीच्या जाहिराती बिघडतात त्या बहुतेक इथेच. समोरून फ्लॅश मारला की वीण सपाट होते आणि जरीवर पांढरे डाग पडतात. जरी आरशासारखी वागते, समोर जे असेल ते दाखवते. खोलीचं छत काळोखं असेल तर सोनं काळपट, तपकिरी दिसतं, आणि मग लोक आणखी लाइट वाढवत बसतात. लाइट वाढवायचा नाही, जरीला बघायला मोठा पांढरा पृष्ठभाग द्यायचा. 8 बाय 4 फुटांचा थर्माकोल मॉडेलपासून साधारण मीटरभर अंतरावर उभा कर. मुख्य लाइट दुसऱ्या बाजूने, किंचित मागून, चार फुटी सॉफ्टबॉक्समधून, कापडाच्या पातळीशी 25-30 अंशांचा कोन करून. असा सरपटता उजेड पडला की मोराचा प्रत्येक टाका उठून येतो. चकाकी मारायला कुणी पोलरायझर फिल्टर लावेल. रेशमावर थोडा उपयोग होईल, जरीवर जवळपास नाही, कारण धातूवरची चमक त्याने फारशी कापली जात नाही.

सरपटत्या उजेडाचा तोटाही आहे. घड्यांच्या रेघा त्याच ताकदीने उठतात. साड्या आदल्या रात्रीच घडी मोडून गुळगुळीत पाइपवर टाकून ठेवायच्या. इस्त्री मंद, उलट्या बाजूने, मधे सुती पंचा; पाण्याचा फवारा अजिबात नाही, रेशमावर डाग राहतात. सेफ्टी पिनेच्या मागे कापडाचा तुकडा ठेवा, नाहीतर दिवसाअखेरीस खांद्यावर भोक. पदराच्या निऱ्या घालू नका, तो पूर्ण रुंदीने उघडा हातावर हवा. एका दिवसात पाचच्या वर साड्या धरू नका. प्रत्येक वेळी नेसवणं, केस आणि दागिने बदलणं यातच तास जातो, आणि शेवटच्या साडीला सगळे घाई करतात.

रंगाबद्दल जरा लांबण लावते, कारण साडी परत येते ती रंगामुळेच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळणी, ‘ऑटो’वर ठेवू देऊ नकोस. लाल साडीने चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच लालसर आहे. तो सगळं निळ्या-हिरव्याकडे ढकलतो आणि मॉडेल आजारी दिसते. पुढच्या शॉटमध्ये साडी थोडी कमी दिसली की रंग पुन्हा बदलतो. व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून पक्का करायचा आणि प्रत्येक सेटअपच्या पहिल्या फ्रेममध्ये 24 चौकोनांचं रंगपत्रक धरायचं. दुकानातल्या ट्यूबलाइट बंद. त्यांचा हिरवट उजेड एलईडीत मिसळला की एकाच साडीचे दोन रंग होतात, ते संगणकावर सुटत नाहीत. एलईडी भाड्याने घेताना सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 95 किंवा वर आहे का ते विचार. राणी आणि गडद लाल रंगांत लाल चॅनल (चित्रातला लाल रंगाचा थर) आधी फुटतो, म्हणजे मर्यादेबाहेर उजळतो, आणि कापडावर सपाट ठिपका उरतो, त्यातली वीण गेलेली असते. एकत्रित हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, हे कळत नाही. तिन्ही चॅनल वेगळे बघा आणि एक्सपोजर अर्धा स्टॉप खाली ठेवा.

धूप-छाव साड्यांचं वेगळं. उभा ताणा एका रंगाचा, आडवा बाणा दुसऱ्या, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. मॉडेलला जागेवर हळूहळू वळायला सांगून आधी चाचणी घ्या आणि दोन्ही रंग एका चौकटीत येतात तो कोन जमिनीवर टेपने खुणावून ठेवा. बारीक चौकड्यांच्या साडीवर पडद्यावर लाटांसारखे पट्टे दिसतील. ते आधी मूळ आकारात, शंभर टक्क्यांवर उघडून बघा, कारण लहान केलेल्या चित्रात खोटे पट्टेही दिसतात. खरे असतील तर कॅमेरा फूटभर पुढे-मागे करा किंवा कोन जरा बदला. नंतर काढायचं म्हटलं तर फार कटकट.

एक चूक मोठमोठ्या होर्डिंगांवर दिसते. मांडणी करणारा अक्षरांसाठी जागा हवी म्हणून फोटो आरशासारखा उलटा करतो. पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो, नथ डाव्या नाकपुडीतून उजवीत. शहरातल्या डिझायनरला कळत नाही, येवल्यातल्या कुठल्याही आजीला कळतं. ‘फोटो उलटवायचा नाही’ हे करारातच लिही आणि अक्षरांची जागा कोणत्या बाजूला हवी ते शूटिंगआधी रेखाटनात ठरव.

शरीर बारीक करण्याच्या फंदातही पडू नका. इथे फ्रान्समध्ये 1 ऑक्टोबर 2017पासून जाहिरातीतल्या मॉडेलची शरीरयष्टी संगणकावर बारीक किंवा जाड केली असेल तर ‘फोतोग्राफी रतुशे’ असं छापावं लागतं. नाही छापलं तर 37,500 युरोपर्यंत दंड, काही वेळा जाहिरातीच्या खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत. आपल्याला तो कायदा लागू नाही, पण कंबर ओढली की शेजारचा काठ वाकतो, आणि वाकलेला काठ लपत नाही.

व्हिडिओत पदर वाऱ्यावर उडवायची हौस सोडून दे. शिफॉन उडतं, जरीने जड झालेला पदर पंख्यासमोर फक्त फडफडतो, आणि जास्त वारा लावला तर मॉडेलचे केस तोंडावर येतात. त्याचं वजनच दाखव. पदर डाव्या हातावर उघडा पसरलेला, उजवा हात कडेला धरून तो उलटतो, मागची बाजू उजेडात येते. हाताची क्रिया दोन सेकंदांची. सेकंदाला 50 फ्रेमवर चित्रित करून 25वर दाखवली की चार सेकंद मिळतात, तेवढे पुरे. शटर 1/100 सेकंद. आपल्या वीजपुरवठ्यावरचे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा धडधडतात, या शटरला ती धडधड दिसत नाही. कुणी 100 फ्रेमचा हट्ट धरला तर शटर 1/200 होईल, चित्र लुकलुकू शकेल आणि उजेडही 25 फ्रेमच्या मानाने चौपट लागेल. लेन्सचं छिद्र एफ/8च्या आसपास ठेवा. एफ/2.8वर पार्श्वभूमी छान विरघळते खरी, पण उलटताना पदर कॅमेऱ्याकडे येतो आणि नेमका तोच धूसर होतो.

हा शॉट शेवटी ठेवायचा मोह होईल. तो अगदी सुरुवातीलाच टाक. मोबाइलवर लोक आवाज बंद ठेवून बघतात आणि अंगठा थांबत नाही. मग कारागिराचे हात, माग, नेसलेली पूर्ण साडी, पुन्हा पदर. एकूण 12 ते 15 शॉट. उभा व्हिडिओ 1080 बाय 1920चा; त्यातले वरचे 250 पिक्सेल आणि खालचा जवळपास तिसरा हिस्सा बटणं आणि मजकुराने झाकला जातो, म्हणून पदर आणि अक्षरं मधल्या पट्ट्यात. आडव्या चित्रीकरणातून उभा तुकडा कापून काढू नका, पाय तरी जातील नाहीतर पदर. उभं वेगळं चित्रित करा. सिनेमातलं गाणं परवानगीशिवाय लावायचं नाही, दुकानाच्या खात्यावरून तर नाहीच. मागाचा आवाज नीट रेकॉर्ड केलात तर गाण्याची गरजही पडणार नाही.

छकुलीला सांग, तिची चित्रं फोटोंची भरती म्हणून वापरायची नाहीत. गुच्ची या इटालियन ब्रँडने 2018च्या उन्हाळी मोसमाची जाहिरात चित्रकार इग्नासी मोनरियालकडून डिजिटल रंगवून घेतली होती. व्होग या फॅशन मासिकाचा जानेवारी 2020चा इटालियन अंक तर फोटोशूटशिवाय निघाला. मुखपृष्ठं चित्रकारांनी केली आणि वाचलेला पैसा व्हेनिसच्या पुरात नुकसान झालेल्या क्वेरिनी स्तांपालिया या संस्थेला दिला. म्हणजे चित्र एकटं उभं राहू शकतं. फोटो पूर्ण साडी दाखवेल, व्हिडिओ पदर उलटेल, आणि चित्रांनी नक्षी हातभर मोठी करावी: एकच मुनिया, एकच बांगडी मोर, पिशव्या आणि निमंत्रणपत्रिकांसाठी.

फॅशनच्या चित्रांत बाई नऊ डोक्यांएवढी उंच काढतात, खरी माणसं साडेसात. नऊवारीला नऊ डोकी शोभत नाहीत, कासोटा आणि निऱ्यांचं वजन पाय लांबवल्यावर हरवतं. आठवर थांबावं. आधी पाच-पाच सेंटिमीटरची वीसेक रेखाटनं, मग काळा-करडा-पांढरा एवढ्या तीनच छटांत चित्र, आणि ते दोन मीटरवरून वाचता आलं तरच रंग. नक्षी संगणकावरून साडीवर चिकटवली की ती घडीवरून सरळ धावते आणि कापड पत्र्यासारखं दिसतं. प्रत्येक निरीला नक्षी तुटली पाहिजे, अर्धी आत गेली पाहिजे. एआयवर काढलेल्या चित्रांत हेच बिघडतं, वर मोराची मान वेलीत मिसळते आणि नथीचे मोती वाटेल तिथे उगवतात. रंगसंगती चाचपायला वापर म्हणावं, नक्षीला नको.

अक्षरांचं शेवटी, पण हलकं घेऊ नकोस. परदेशी ब्रँडची अक्षरं लांब लांब सोडलेली असतात, ती नक्कल देवनागरीत केली की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अंतर शून्यच ठेवायला सांग. वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट हवं. वेलांटी चुकीच्या जागी पडली किंवा जोडाक्षर फुटलं तर अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कम्पोजर (भारतीय लिपी नीट जुळवणारी सोय) चालू करायचा राहिला आहे. 20 बाय 10 फुटांच्या होर्डिंगला फाइल एक दशांश मापात, 24 बाय 12 इंच, 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), म्हणजे 7200 बाय 3600 पिक्सेल. दोनशे फुटांवरून सहज वाचायचं असेल तर अक्षर वीस इंचांचं. ‘मागची बाजूही बघा’ आणि दुकानाचं नाव, एवढंच. पत्ता आणि पाच फोन नंबर नकोत, गाडी चालवणारा ते वाचणार नाही. राणी, पोपटी आणि मोरपंखी हे रंग चार शाईंच्या छपाईत मळतातच, म्हणून फ्लेक्सचा फूटभर तुकडा आधी छापून साडीशेजारी दिवसाच्या उजेडात धरून बघ.

मॉडेलशी करार करताना किती महिने, कोणत्या गावांत, होर्डिंगवर की फक्त मोबाइलवर, हे तिन्ही लिहून घे.

चाचणीचे फोटो पाठवशील तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, नाहीतर ते लहान होऊन येतात आणि वीण मला दिसत नाही. जांभळ्या धूप-छावचे दोन, राणीचा एक, प्रत्येकात रंगपत्रक. आईला नमस्कार, वहिनींना सांग की पदर उलटताना कॅमेऱ्यासमोर हात त्यांचाच हवा, मॉडेलचा नको. त्यांची सवय कुणाला शिकवून येणार नाही.

तुझी,
धाकटी