मोकळी जमीन आणि माणसांची दाटी

संपादक महोदय,

‘इकडं एवढी जागा रिकामी, मग लोक मुंबईतच का दाटीवाटीनं राहतात?’ आमच्या पारावर परवा एकानं विचारलं. २०११च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात चौरस किलोमीटरला ७४ माणसं भरली, मुंबई उपनगरात सुमारे २१ हजार. पण रिकामी जागा म्हणजे राहण्याजोगी जागा नव्हे. आमचा तीन चतुर्थांशाहून जास्त जिल्हा जंगलाखाली आहे. वैनगंगेच्या काठी धानाच्या बांध्या, वडशाला रेल्वे. तिथं गावाला गाव लागून आहे. भामरागडकडे नाले फुगले की रस्ताच बंद!

जगातही हेच. इजिप्तची सुमारे ९५ टक्के वस्ती नाईलच्या काठाला आणि मुखाकडच्या गाळाच्या जमिनीत, बाकी वाळवंट. ऑस्ट्रेलिया खंडाएवढा, पण माणसं बहुतेक किनाऱ्यालगत.

अर्थात आता पाण्याइतकीच मजुरीही माणसं ओढते. धान निघाला की आमच्याकडची कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. गेल्या वेळची मोजणी फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन तोडणीत. पुढच्या वेळी यांना नेमकं कुठं मोजणार?

– एक वाचक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली